उत्सव आणि साक्ष : लिटल टोकियोच्या पडद्याविषयी

अल्पसंख्याकांची संस्कृती पाहायला बहुसंख्य समाज येतो तेव्हा तो बहुधा दोन गोष्टींसाठी येतो. एक खाण्यासाठी आणि दुसरे गाणे-बजावणे ऐकण्यासाठी. आपल्याकडे बिर्याणी आणि कव्वालीचे जे होते, तेच अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात सुशीचे आणि तायको ढोलांचे होते. त्या शहराच्या जुन्या भागात फर्स्ट स्ट्रीटच्या आजूबाजूला लिटल टोकियो नावाचा मोहल्ला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका जपानी खलाशाने तेथे खानावळ काढली, तेव्हापासूनची ही वस्ती. ऑगस्टमध्ये तेथे 'निसेई वीक' नावाचा उत्सव भरतो आणि बहुधा मे महिन्यात आशियाई-पॅसिफिक चित्रपट महोत्सव होतो. आम्हांला बोलायचे आहे ते चित्रपटांविषयी. परंतु उत्सवाला वगळून ते बोलता येत नाही.

निसेई म्हणजे दुसरी पिढी, अमेरिकेत जन्मलेली. १९३४ साली महामंदीच्या काळात हा उत्सव सुरू झाला तो मुख्यतः दुकानदारांच्या गरजेतून. इंग्रजी शिकलेली मुले मोहल्ल्यातल्या दुकानांकडे पाठ फिरवू लागली होती. त्यांना परत आणायचे होते. रस्त्यात ओन्दो नृत्य, किमोनो घातलेल्या मुली, सौंदर्यराणीची निवड आणि जोडीला आपण किती चांगले अमेरिकन नागरिक आहोत याचे प्रदर्शन. यात हसण्यासारखे काही नाही. आपली निष्ठा वारंवार दाखवावी लागणाऱ्या समाजाचे उत्सव असेच असतात, हे आपल्या वाचकांस निराळे सांगायला नको.

त्या निष्ठेचा उपयोग काय झाला? १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे सव्वा लाख जपानी वंशाची माणसे घरादारासह उचलून छावण्यांत नेली गेली. त्यांपैकी दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होती. लिटल टोकियोतल्या निशी होंगवान्जी या बौद्ध मंदिरापाशी बसगाड्या लागल्या आणि वस्ती रिकामी झाली. रिकाम्या घरांत दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय कामगार राहू लागले आणि काही वर्षे या मोहल्ल्याचे नावच 'ब्रॉन्झव्हिल' झाले. निसेई वीक बंद पडला तो थेट १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाला. नाच पुन्हा सुरू झाला. मात्र छावणीविषयी आईबाप मुलांशी बोलत नव्हते.

हे मौन मोडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत कॅमेऱ्याचा वाटा फार मोठा आहे. छावण्यांत जपान्यांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. तरीही यूटा राज्यातील टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो या दुकानदार गृहस्थांनी चोरून आणलेल्या ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने जे टिपले, ते १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाले. ती रिळे आता लिटल टोकियोतल्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ही दृश्ये पाहताना प्रथम गोंधळायला होते. रंगीत फिल्म, बर्फ पडलेले, मुले हसताहेत, माणसे मोची कुटताहेत. तुरुंगवास कुठे आहे? तो चौकटीबाहेर आहे. काटेरी कुंपण आणि पहाऱ्याचे मनोरे टिपायला गेले तर कॅमेराच जाईल, अशी ती परिस्थिती. चित्रात जे नाही त्यानेच चित्राचा अर्थ ठरतो, याचे इतके साधे उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

पुढची पिढी साठच्या दशकाच्या चळवळीतून आली. १९७० मध्ये रॉबर्ट नाकामुरा, डुएन कुबो आणि त्यांच्या मित्रांनी 'व्हिज्युअल कम्युनिकेशन्स' ही संस्था काढली. नाकामुरा स्वतः बालपणी कॅलिफोर्नियातल्या मान्झानार छावणीत होते. विद्यार्थी असताना त्यांनी 'मान्झानार' नावाचा जेमतेम पाव तासाचा लघुपट केला. त्यात नट नाहीत, कथा नाही. ओसाड माळ, इमारतींचे उरलेले पाये, वारा आणि त्यावर एका माणसाचा आठवणी सांगणारा आवाज. कॅमेरा हरवलेली वस्तू शोधणाऱ्या मुलासारखा जमिनीवर फिरत राहतो. आमच्या मते या सबंध परंपरेतला हा सर्वांत प्रामाणिक चित्रपट आहे, आणि तो प्रामाणिक आहे याचे कारण त्याला कोणाला पटवून द्यायचे नव्हते.

त्याच संस्थेचा १९८० सालचा 'हितो हाता' हा पूर्ण लांबीचा कथापट. आशियाई-अमेरिकनांनी स्वतःविषयी स्वतः केलेला पहिला कथापट म्हणून त्याचे नाव आदराने घेतले जाते. ओदा नावाचा एकटा म्हातारा मजूर. आयुष्यभर राबला, आता लिटल टोकियोतल्या ज्या जुन्या हॉटेलातल्या खोलीत राहतो ते हॉटेल शहराच्या पुनर्विकासात पाडले जाणार. आदर बाजूला ठेवून बोलायचे तर पटकथा ओझ्याखाली वाकलेली आहे. रेल्वेची मजुरी, मंदी, छावणी हे सगळे एकाच माणसाच्या वाट्याला द्यायचे ठरवल्याने ओदा कधी कधी माणूस न राहता इतिहासाचे पाठ्यपुस्तक होतो. पहिल्यांदा बोलायला मिळालेल्या समाजाची ही घाई असते. एका दमात सगळे सांगून टाकावेसे वाटते, कारण पुन्हा संधी मिळेल याची खात्री नसते. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या आत्मकथनांतही ही घाई दिसते. चित्रपट तरतो तो ओदाची भूमिका करणाऱ्या माको या नटामुळे. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा संवादांची गरज संपवतो. आणि एक गोष्ट पटकथेने अचूक पकडली : १९४२ मध्ये सरकारने घर घेतले, सत्तरच्या दशकात तेच बुलडोझरने घेतले, आणि म्हाताऱ्या ओदाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, छावण्यांची चौकशी करणारा केंद्रीय आयोग लॉस एंजेलिसला आला. नुकसानभरपाईसाठी झगडणाऱ्या एन.सी.आर.आर. या संघटनेबरोबर व्हिज्युअल कम्युनिकेशन्सच्या मंडळींनी त्या साक्षी चित्रित केल्या. चाळीस वर्षे मुलांपुढे न बोललेली माणसे आयोगापुढे, आणि कॅमेऱ्यापुढे, बोलली. १० ऑगस्ट १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली, त्यानुसार माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर मिळाले. या चित्रीकरणाला कलाकृती म्हणायचे की पुरावा, हा वाद आम्ही घालणार नाही. आम्हांला ते दोन्ही वाटते.

दरम्यान १९८३ मध्ये चित्रपट महोत्सव सुरू झाला होता. वेगळा महोत्सव कशाला, चांगला चित्रपट कुठेही चालतो, असे विचारणारे तेव्हाही होते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा 'वेगळी चूल कशाला' हा प्रश्न आपल्यालाही विचारला गेला. त्याचे उत्तर लॉस एंजेलिसमध्ये विशेष सोपे होते. हॉलीवूड त्याच शहरात आहे. चार-पाच मैलांवर जगातला सर्वांत मोठा पडदा आणि त्यावर आपला चेहरा माळी, धोबी नाहीतर खलनायक म्हणूनच!

वेगळ्या चुलीचा एक धोकाही असतो. चुलीभोवती बसलेल्यांना आपलीच स्तुती ऐकायची सवय लागते. ती सवय मोडणारा चित्रपट २००२ मध्ये आला : जस्टिन लिन यांचा 'बेटर लक टुमॉरो'. हे दिग्दर्शक पूर्वी लिटल टोकियोच्या त्याच संग्रहालयात काम करीत होते. चित्रपटातली मुले मात्र संग्रहालयात ठेवण्याजोगी नाहीत. उपनगरातले हुशार, पहिल्या नंबरचे आशियाई विद्यार्थी. कंटाळ्यातून नक्कल करू देण्याचा धंदा, मग चोऱ्या, मादक पदार्थ आणि शेवटी खून. सनडान्स महोत्सवातल्या खेळानंतर एका प्रेक्षकाने दिग्दर्शकाला जाब विचारला की, आपल्या समाजाचे असे पोकळ, नीतिशून्य चित्र का काढले? तेव्हा समीक्षक रॉजर ईबर्ट उभे राहून कडाडले : गोऱ्या दिग्दर्शकाला हा प्रश्न कोणी विचारला नसता, या पात्रांना हवे तसे असण्याचा हक्क आहे.

हा प्रसंग आता दंतकथा झाला आहे. आम्हांला त्यात एक गोष्ट खटकते. निवाडा द्यायला शेवटी एक गोरा समीक्षकच लागला. पण मुद्दा खरा आहे आणि तो आपल्या दारापर्यंत येतो. मुस्लिम मराठी कथाकाराने घरातला जुलूम लिहिला की आतले म्हणतात, 'समाजाची बदनामी केली', आणि बाहेरचे म्हणतात, 'पाहा, त्यांचाच माणूस सांगतो आहे.' दोघेही कथा वाचत नाहीत. 'बेटर लक टुमॉरो' हा थोर चित्रपट नव्हे. उत्तरार्धात तो स्वतःच्याच चटपटीतपणावर भाळतो. परंतु 'आदर्श अल्पसंख्याक' या शब्दात दडलेला फास त्याने दाखवला. चांगुलपणाची अट घालून मिळालेली जागा ही भाड्याची जागा असते.

कोरियन समाजावरच्या एका चित्रपटाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. २९ एप्रिल १९९२ रोजी रॉडनी किंग प्रकरणातले पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटले. कोरियनांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली किंवा जाळली गेली. जपानी-अमेरिकन संग्रहालय जुन्या निशी होंगवान्जी मंदिराच्या वास्तूत उघडले, तेही नेमके याच दिवसांत. दाई सिल किम-गिब्सन यांनी क्रिस्टीन चॉय यांच्यासह केलेला 'सा-ई-गू' (१९९३, कोरियन भाषेत चार-दोन-नऊ) हा माहितीपट काही महिन्यांतच कोरियन दुकानदार स्त्रियांकडे गेला. त्यांतली एक आई सांगते की वर्तमानपत्रातल्या कृष्णधवल फोटोत पडलेला मुलगा आपला नव्हेच असे तिला वाटले. तिचा मुलगा पांढरा शर्ट घालून गेला होता, फोटोतला शर्ट काळा होता. तो रक्ताने काळा दिसत होता. त्यानंतर चित्रपट तिच्या दुःखावर रेंगाळत नाही, पुढच्या बाईकडे जातो. हा संयम शिकण्यासारखा आहे.

तरी या चित्रपटाची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यात शेजारचा कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ बोलतच नाही. दूरचित्रवाणीने ज्या बायकांना आवाज दिला नाही त्यांना तो द्यायचा, ही भूमिका रास्त. पण दंगलीविषयीची साक्ष एकाच गल्लीची राहिली की ती अर्धी साक्ष होते. किम-गिब्सन यांना हे जाणवले असावे. २००४ मधल्या 'वेट सँड'मध्ये त्यांनी इतर समाजांच्या माणसांनाही बोलते केले. दंगलीनंतर पहिल्या वर्षी आपल्या गल्लीत आणि दहा वर्षांनी शेजारच्या गल्लीत जाणारा कलावंत आपल्याला मुंबईत किती सापडतो?

आता त्या चित्रपटाकडे वळतो, ज्याच्यामुळे हा लेख या अंकात आहे. सप्टेंबर २००१ मधल्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच लिटल टोकियोत जपानी-अमेरिकनांनी मुस्लिमांच्या बाजूने मेणबत्त्या लावून सभा घेतली. एन.सी.आर.आर.च्या मंडळींनी रमजानमध्ये मुस्लिमांबरोबर इफ्तार सुरू केले. लॉस एंजेलिसपासून साडेतीनशे किलोमीटरवरच्या मान्झानारला १९६९ पासून जी यात्रा निघते, तिच्यात मुस्लिम अमेरिकनही येऊ लागले. तेथल्या सर्वधर्मीय प्रार्थनेत त्यांचीही प्रार्थना होऊ लागली. रॉबर्ट नाकामुरांचे चिरंजीव तादाशी यांनी या यात्रेवर 'पिल्ग्रिमेज' हा बावीस मिनिटांचा माहितीपट केला. १९६९ ची थंडीत कुडकुडणारी जुनी दृश्ये आणि २००५ ची गर्दी यांची त्यात जोडणी आहे. तंत्र सफाईदार, संगीत तरुण. वडिलांच्या लघुपटातले मौन मात्र येथे नाही. आम्हांला ते मौन अधिक मोलाचे वाटते. पण वडिलांनी 'हे आमच्यावर झाले' म्हटले, तेथे मुलगा 'हे पुन्हा कोणावर होऊ नये' म्हणतो, आणि हे 'कोणावर' म्हणजे त्या वर्षांत प्रामुख्याने आपले धर्मबांधव होते. स्वतःच्या जखमेवर मालकी हक्क न सांगणारी स्मृती दुर्मीळ असते.

२६ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, बहुतांशी मुस्लिम देशांवर घातलेली प्रवासबंदी उचलून धरली आणि त्याच निकालपत्रात छावण्यांना मान्यता देणारा १९४४ चा कोरेमात्सु निकाल चुकीचा होता असेही म्हटले. पडद्यावरची साक्ष न्यायालयापर्यंत पोहोचली खरी, पण चुकीच्या पानावर.

महोत्सवाविषयी आमची एक तक्रार आहे. 'आशियाई-पॅसिफिक' ही छत्री इतकी मोठी झाली आहे की तिच्याखाली कंबोडियन निर्वासिताचा मुलगा आणि टोकियोच्या कंपनीचा अधिकारी एकाच रांगेत उभे राहतात. अशा रांगेत ज्याच्या हाती पैसा त्याचा चित्रपट आधी पूर्ण होतो.

२०२५ मध्ये तादाशी यांचा 'थर्ड अ‍ॅक्ट' आला. पार्किन्सनने जर्जर झालेले वडील आणि कॅमेरा धरलेला मुलगा. 'मान्झानार'मध्ये जे बोलले गेले नव्हते, ती शरम आणि ते नैराश्य, वडील येथे बोलतात. आधी आम्ही मौनाची बाजू घेतली. पन्नास वर्षांनी ते मौन मोडताना पाहणे मात्र वेगळेच होते. त्या जूनमध्ये रॉबर्ट नाकामुरा वारले. त्याच महिन्यात शहरात स्थलांतरितांच्या धरपकडी सुरू झाल्या. १४ ऑगस्टला संग्रहालयाच्या वास्तूत कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांची पत्रकार परिषद चालू असताना, १९४२ मध्ये जेथे बसगाड्या लागल्या होत्या त्या परिसरात सीमा-गस्त दलाचे सशस्त्र, तोंडावर बुरखे घेतलेले जवान येऊन उभे राहिले. स्ट्रॉबेरी पोहोचवायला आलेल्या एका माणसाला त्यांनी पकडून नेले. जमलेल्या लोकांच्या हातांतले कॅमेरे चालू होते.