वितळून गेलेली बायको

बी.कॉम. झालेल्या माणसाने जलपऱ्या आणि हडळी यांच्यावर मत देऊ नये, हे मला कळतं. पण दिवसभर बँकेत लोकांचे हिशेब जुळवले की घरी गोष्टीचाही ताळा घ्यायची खोड लागते.

परवा धाकटीला अँडरसनची जलपरी सांगितली. मूळ कथा १८३७ ची. राजपुत्र लग्न करतो भलतीशीच; ही त्याच्यावर उगारायची सुरी समुद्रात फेकते आणि पहाटे फेस होऊन जाते. कन्यारत्नाने भोकाड पसरलं. "सिनेमात तर लग्न होतं, बाबा!" होतं खरं, डिस्नेच्या १९८९ च्या सिनेमात होतं. अक्षता पडल्या, खातं बंद! अँडरसनलाही नुसता फेस सोसवला नसावा. त्याने तिला वाऱ्याच्या लेकींत घेतलं आणि तीनशे वर्षांच्या पुण्याईवर अमर आत्मा देऊ केला. एवढ्या मुदतीची ठेव आमच्या बँकेतसुद्धा नाही!

मला पटतो तो शेवट लाफ्काडिओ हर्नच्या 'क्वायदान'मधला. जपानी कथांचं हे पुस्तक १९०४ चं. बर्फाच्या वादळात एक हिमस्त्री म्हाताऱ्या लाकूडतोड्याचा जीव घेते. त्याच्या तरण्या सोबत्याला, मिनोकिचीला, मात्र सोडते. अट एकच, हे कुणाला सांगायचं नाही. पुढे त्याचं ओयुकीशी लग्न होतं, दहा मुलं होतात. एका रात्री ती दिव्यापाशी शिवत बसलेली असते. तिच्याकडे बघता बघता हा गडी सगळं सांगून बसतो. ती हिमस्त्री हीच!

आता बघा, गुपित फोडलं ते कुणापाशी? जिचं होतं तिच्यापाशीच! तरी वचन ते वचन. मारायलाच हवं, पण निजलेल्या पोरांकडे बघून ती त्याला सोडते, त्यांना नीट सांभाळ म्हणून बजावते आणि पांढरं धुकं होऊन छपराच्या झरोक्यातून निघून जाते. बस्स. पुढे ना उःशाप, ना पुण्याई. मारते ती हडळ; न मारता विरून जाते ती बायको. हर्न तिचं नाव बदलत नाही, नुसता शेवट करतो आणि आपल्याला कळतं.

हे सगळं मी सौभाग्यवतींना रंगवून सांगितलं. त्या माझ्या सदऱ्याला बटण लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दहा पोरं! अहो, मग सकाळी त्यांच्या खाण्यापिण्याचं कोणी पाहिलं?"

एवढी नेमकी समीक्षा मला साधली नसती. हर्न जिथे थांबतो, तिथेच ती सकाळ सुरू होते.

मी मुकाट्याने सदरा हातात घेतला आणि राहिलेलं बटण स्वतः लावलं. सुई दोनदा टोचली.