दोन टाळ्यांची मैफल

आमच्या भाच्याने डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मैफल केली. वादक तोच, ध्वनिमुद्रक तोच, कॅमेरावाला तोच. श्रोते दोन: मी आणि त्याचे वडील, म्हणजे आमचे भावोजी. तेही दुसऱ्या दिवशी, मोबाइलवर. तरीही समीक्षेचा हक्क आम्ही सोडला नाही. फुकट ऐकलेल्या गाण्यावर मराठी माणूस जरा जास्तच बोलतो.

या प्रकाराला ‘लाइव्ह लूपिंग’ म्हणतात. पायाखाली एक डबी असते. कळ दाबली की वाजवलेलं ती साठवते, पुन्हा दाबली की तेवढाच तुकडा फिरवत बसते. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. 1963 साली पॅरिसमध्ये टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत फिरवून ही करामत साधली होती. 2004 साली केटी टन्स्टॉल या स्कॉटिश गायिकेने बीबीसीच्या कार्यक्रमात असेच थर एकटीने रचले, आणि ती रातोरात गाजली. सगळी गंमत आहे ती डोळ्यांदेखत रचण्यात. नुसतं ऐकायचं तर चार माणसं बोलावून वाजवता येतंच की!

भावोजी या विषयातले जुने जाणकार. तरुणपणी तबल्याच्या सोलोला ते पेटीवर लेहरा धरायचे. तासभर तीच ओळ! म्हणजे हाडामांसाची डबीच. फरक एवढाच, की तबलजी पुढे सरकला तर भावोजीही सरकायचे. डबी कुणासाठी सरकत नाही.

विसाव्या मिनिटाला चिरंजीवांनी गिटार ठेवून पेटी ओढली आणि नवा थर घातला. भावोजींनी चष्मा पुसला.

“अहो, हा वाजवतोय कुठे? बोट पडायच्या आधी सूर येतोय. आधीच भरून ठेवलंय सगळं. हा नुसता हात हलवतोय.”

भाच्याचा चेहरा उतरला. बापाने बेसूर म्हटलं असतं तर चाललं असतं, खोटा म्हटलं.

मुलगा खोटा नव्हता. आवाज कॉम्प्युटरवर घेतला होता, चित्र मोबाइलवर. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून दोन्ही जुळवलीही होती. पण यंत्रं दोन, म्हणजे घड्याळंही दोन. त्यांच्यात दहा लाखांत 50 भागांचा फरक पडला तरी वीस मिनिटांत 60 मिलिसेकंद होतात. सेकंदाला 30 चित्रं धरली तर जवळजवळ दोन चित्रं. आवाज मागे राहिला तर आपण बरंच खपवून घेतो, कारण निसर्गातही वीज आधी आणि गडगडाट मागाहून. पण आवाज पुढे गेला की 45 मिलिसेकंदांच्या आसपासच खटकतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना सांगते. भावोजींना संघटनेची गरज पडली नाही.

यावर औषध आहे: शेवटीही टाळी वाजवायची, आणि दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं होईपर्यंत चित्र किंचित ताणायचं किंवा आवळायचं. भाचा शेवटची टाळी विसरला होता. पण वाजवणं संपतं न संपतं तोच ताईने आत येऊन “पोळ्या गार होतायत!” म्हणत टेबलावर ताट आपटलं होतं. चित्रात ताट, दोन्ही ध्वनिमुद्रणांत ‘ठण्ण’! टाळीचं काम ताटाने केलं.

सगळं जुळल्यावर भाच्याला नवा हुरूप आला. “मामा, पेटीच्या थरात पाचव्या मात्रेचा सूर उशिरा पडलाय, आणि तो दर आवर्तनाला परत येतो. कॉम्प्युटरवर सरकवून टाकू?”

मी म्हटलं, “खबरदार! सूर सरकवलास तर बोट पुन्हा खोटं पडेल. तुझ्या वडिलांसाठी ते बोट हाच पुरावा आहे.”

माझी समीक्षा एवढीच आहे. घरच्या मैफलीत झकपक दिवे नसले तरी चालतील, शेजारच्या मिक्सरचा आवाज आला तरी चालेल, चूकही चालेल. पण चूक करणारा हात आणि ऐकू येणारी चूक एकाच क्षणी आली पाहिजेत. तरच ते वादन कुणाचं तरी असतं.

भावोजींनी पुन्हा पाहिलं. पेटीपाशी थांबले, मागे नेऊन दोनदा पाहिलं.

“पाचव्या मात्रेला हात जड पडतो त्याचा,” ते म्हणाले. मग चष्मा काढत हळूच म्हणाले, “माझाही पडायचा.”