डाग आणि वतन : ‘यलोस्टोन’ मालिकेतील मुकादमाची व्यक्तिरेखा

अमेरिकेच्या पश्चिम भागातील पशुपालकांच्या जीवनावर आधारलेल्या कादंबऱ्या, चित्रपट व दूरचित्रवाणी-मालिका यांना ‘वेस्टर्न’ ही संज्ञा रूढ झालेली आहे. या कथाप्रकाराचा विचार करताना गुराखी, रँचचा धनी, कायद्याचा अंमलदार आणि दरोडेखोर या पात्रांकडे आपले लक्ष चटकन जाते. धनी व गुराखी यांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुकादमाकडे ते तितके जात नाही. वास्तविक या समाजाची घडण समजून घ्यावयाची तर प्रथम याच पात्राकडे पाहिले पाहिजे. धन्याचा हुकूम गुराख्यांपर्यंत पोचतो तो मुकादमाच्या मुखाने, आणि गुराख्यांच्या कष्टाचा हिशेब धन्यास दिला जातो तोही त्याच्याच मार्फत. त्याची निष्ठा कोणाकडे आहे व ती कशाच्या मोबदल्यात आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर कथेचे नैतिक स्वरूप पुष्कळसे अवलंबून असते.

टेलर शेरिडन व जॉन लिन्सन यांनी निर्माण केलेली ‘यलोस्टोन’ ही मालिका २०१८ ते २०२४ या काळात पाच पर्वांत प्रक्षेपित झाली. मोंटाना राज्यातील एक अवाढव्य रँच राखण्यासाठी जॉन डटन हा धनी व त्याची मुले यांनी चालविलेला झगडा हा तिचा विषय होय. केव्हिन कॉस्नर याने जॉनची भूमिका केली. तथापि प्रेक्षकांच्या मनात धन्याच्या बरोबरीने, कित्येकांच्या मनात त्याच्याहूनही अधिक, घर केले ते कोल हाउझर याने उभ्या केलेल्या रिप व्हीलर या मुकादमाने. या लोकप्रियतेचे कारण त्याची स्वामिनिष्ठा हे उघड आहे. प्रस्तुत लेखात या निष्ठेच्या स्वरूपाची छाननी करावयाची आहे. आमच्या मते मालिका जिला निष्ठा म्हणून गौरविते, तिची कसोटी पाहण्याचे ती सतत टाळते. आणि तरीही, कथानकाच्या काही मोजक्या स्थळी, आपल्याच गौरवाविरुद्धचा पुरावा ती प्रामाणिकपणे पुढे ठेवते.

१

पूर्वपरंपरेपासून आरंभ करणे सोयीचे होईल. ओवेन विस्टर याची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी १९०२ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक वायोमिंगमधील जज्ज हेन्री यांच्या रँचवर साध्या गुराख्याचा मुकादम होतो. धन्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी, गुरे चोरणाऱ्या आपल्या जुन्या मित्रास फाशी देण्याच्या कृत्यात तो सहभागी होतो. हे कृत्य त्याच्या मनाला जाळते आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या मनात त्याच्याविषयी भयंकर शंका उत्पन्न करते. लेखक धन्याच्या बाजूचा आहे यात संशय नाही. परंतु निष्ठेची किंमत मित्राच्या प्राणांनी चुकविली गेली ही गोष्ट तो वाचकापासून लपवीत नाही; आणि शेवटी त्या मुकादमास धन्याचा भागीदार करून त्या सेवेचे फळही त्याच्या पदरात टाकतो.

दुसरे उदाहरण हॉवर्ड हॉक्स याच्या १९४८ सालच्या ‘रेड रिव्हर’ या चित्रपटाचे. मॅथ्यू गार्थ हा वाताहत झालेल्या तांड्यातून वाचलेला पोरका मुलगा टॉम डन्सन याच्या आश्रयास येतो. डन्सन आपल्या गुरांना स्वतःच्या नावाच्या आद्याक्षराचा डाग देऊ लागतो, तेव्हा हा मुलगा आपले अक्षर त्यात का नाही असे विचारतो. ते तुला कमवावे लागेल, असे त्यास उत्तर मिळते. पुढे हाच मुलगा डन्सनच्या जुलमाविरुद्ध उभा राहतो, गुरांचा कळप त्याच्या हातून काढून घेतो, आणि अखेरीस त्याचे अक्षर डागात समाविष्ट होते. या क्रमातील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. मॅथ्यूने केवळ आज्ञापालन केले असते तर अक्षर मिळाले असते की नाही हे सांगता येत नाही. विरोध करण्याचे सामर्थ्य सिद्ध झाल्यावर ते मिळाले एवढे खरे.

रिप व्हीलर हाही असाच पोरका मुलगा आहे. त्याच्या बापाने त्याच्या आईला व भावाला ठार मारले, आणि त्या बापास त्याने स्वतःच्या हाताने मारले. डटन यांच्या गोठ्यात लपलेला हा मुलगा जॉनला सापडतो. जॉन त्यास पोलिसांच्या हवाली न करता काम देतो. इथपर्यंत दोन्ही कथा समांतर चालतात. पुढे मात्र मोठी उलटापालट होते. ‘रेड रिव्हर’मध्ये पोरक्याचे अक्षर गुरांच्या अंगावर उमटते, ‘यलोस्टोन’मध्ये गुरांच्या अंगावरचे अक्षर पोरक्याच्या छातीवर उमटते. तरुणपणी एका सहकाऱ्याचा प्राण रिपच्या हातून जातो, जॉन ते प्रकरण दडपतो, आणि तापलेल्या लोखंडाने रिपच्या छातीवर रँचचा डाग दिला जातो. हा डाग म्हणजे भागीदारीची खूण नव्हे. एक गुन्हा दोघांनी मिळून पचविल्याची ती पावती आहे.

२

येथे आपल्या भाषेतील दोन जुने शब्द उपयोगी पडतील. सेवेच्या बदल्यात जे रोख दिले जाते ते वेतन, आणि सेवेमुळे जो वंशपरंपरेचा हक्क जडतो ते वतन. अमेरिकन मुकादम इतिहासतः वेतनावरचा नोकर होता. १८८३ साली टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाकडील रँचवरच्या गुराख्यांनी संप पुकारला. पन्नास डॉलर मासिक वेतन ही त्यांची प्रमुख मागणी होती, आणि या संपाचा पुढारी टॉम हॅरिस हा स्वतः एका मोठ्या रँचवर गुराख्यांच्या तुकडीचा मुकादम होता. संप फसला. परंतु मुकादमास धनी व कामकरी यांपैकी एकाची बाजू निवडता येत होती, आणि त्याने कामकऱ्यांची निवडल्याचे निदान एक ठळक उदाहरण आहे, हे त्यावरून दिसून येते.

रिपच्या वाट्यास वेतनाचा विचार फारसा येत नाही आणि वतनाचा तर नाहीच. तिसऱ्या पर्वात बेथ डटन त्याच्याशी लग्नाची गोष्ट काढते, तेव्हा त्याची खरी अवस्था उघड होते. त्याच्याजवळ जन्माचा दाखला नाही, सामाजिक सुरक्षेचा क्रमांक नाही, वाहनाचा परवाना नाही. सरकारदरबारी तो मनुष्य अस्तित्वातच नाही. हे संभाषण मालिकेत प्रणयाच्या सुरात येते, आणि प्रेक्षक त्याच्या निरपेक्षतेने हेलावतो. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर निराळेच काही दिसू लागते. ज्याच्याजवळ एकही कागद नाही त्यास दुसऱ्या कोणाकडे चाकरी मागता येत नाही, जमीन घेता येत नाही, न्यायालयात उभे राहता येत नाही. त्याच्या अस्तित्वाची एकमेव नोंद त्याच्या छातीवर आहे, आणि तो डाग दुसऱ्याच्या मालकीचा आहे. मोंटाना राज्यात गुरांच्या डागाची सरकारदप्तरी नोंद होते आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. माणसाच्या अंगावरील डागास अशी मुदत नाही.

डाग घेतलेल्याने रँच सोडण्याचे मनात आणले तर काय होते, हेही मालिकेने दाखविले आहे. वॉकर हा तुरुंगातून सुटलेला गुराखी. रिपनेच त्यास आणलेले असते. रँचवरील रक्तपात पाहून तो निघून जाऊ पाहतो, तेव्हा त्याचा निकाल लावण्याचे ठरते. ‘रेल्वे-स्टेशनावर पोचविणे’ हा यासाठी तेथील सांकेतिक शब्दप्रयोग आहे. वायोमिंगच्या हद्दीतील एका निर्जन दरीत प्रेते टाकली जातात, तिचे हे नाव. हे काम धन्याचा मुलगा केसी याच्यावर येते, आणि तो वॉकरला जिवंत सोडून देतो. पुढे रिप व लॉइड यांना वॉकर एका मद्यगृहात गाताना सापडतो आणि त्यास पुन्हा रँचवर यावे लागते. या उपकथानकाचा निष्कर्ष टाळता येत नाही. जेथून बाहेर पडण्याची वाट मृत्यूच्या दरीत जाते, तेथे राहण्यास निष्ठा हे नाव देताना समीक्षकाने तरी अडखळले पाहिजे.

३

यावर एक आक्षेप संभवतो. रिप धाकाने राहत नाही. तो प्रेमाने राहतो. जॉनने त्याचे प्राण वाचविले, त्यास आसरा दिला. खाल्ल्या मिठाला जागणे हा सर्व समाजांत मान्य झालेला गुण आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि हाउझरच्या अभिनयाने त्यास बळ दिले आहे. थोडके बोलणारा, काळ्या पोषाखात वावरणारा हा मनुष्य धन्यासमोर उभा राहिला की त्याच्या देहाचा ताठरपणा किंचित सैल होतो. वडील माणसासमोर मूल उभे राहावे तसा तो भासतो. कृतज्ञता खोटी आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आमचे म्हणणे एवढेच की कृतज्ञता खरी असली म्हणजे करार न्याय्य ठरतो असे नव्हे. आणि नाट्यदृष्ट्या पाहता, ज्या पात्रापुढे दुसरा पर्याय ठेवला जात नाही त्याच्या निर्णयात नाट्य उरत नाही.

पर्याय अगदी जवळ येऊन ठेपतो अशी दोन स्थळे आहेत. दुसऱ्या पर्वात केसी रँचवर परततो, आणि बंकहाउसची मुखत्यारी रिपच्या हातून त्याच्याकडे जाते. आयुष्याची सेवा एका बाजूस आणि रक्ताचे नाते दुसऱ्या बाजूस, असा हा उघड अन्याय आहे. दोघांची मारामारी होते, आणि अखेरीस रिप आपले स्थान सोडतो. पुढे जॉन त्यास राहावयास घर देतो आणि प्रसंग भावनेच्या भरात मिटतो. धन्याविरुद्ध उच्चारावयाचे एक वाक्य रिपच्या ओठांपर्यंत आलेले असते. घर देऊन लेखकाने ते गिळावयास लावले.

दुसरे स्थळ चौथ्या पर्वातील. लॉइड हा वयोवृद्ध गुराखी रिपचा जुना सोबती, जवळजवळ मोठ्या भावासारखा. त्याचे व वॉकरचे भांडण सुरीपर्यंत जाते. शिस्त राखण्याची ताकीद धन्याकडून येते, आणि रिप लॉइडचा हात मोडतो. मालिकेतील हा सर्वांत खरा प्रसंग आहे असे आम्हांस वाटते. मारताना रिपच्या मुखावर दिसणारी वेदना विस्टरच्या नायकाच्या वेदनेची आठवण करून देते. मुकादमाचे दुःख येथे उघडे पडते. धन्याचा क्रोध त्याच्या हाताने वाहतो, पण ज्याच्यावर तो पडतो तो त्याचा स्वतःचा माणूस असतो. दुर्दैवाने कथानक लगेच समेटाकडे वळते. लॉइड मार पत्करतो, प्रेमही करीत राहतो, आणि ही ताकीद देणाऱ्या धन्यास त्याबद्दल कोणीच जाब विचारीत नाही.

जेमी डटन या दत्तक पुत्राशी तुलना केली असता लेखकाचा हेतू अधिक स्पष्ट होतो. जेमीच्याही जन्मदात्याने त्याच्या आईस ठार मारलेले आहे. म्हणजे दोघेही एकाच प्रकारच्या अपघाताने पोरके झालेले, एकाच घराने उचललेले. जेमीजवळ मात्र दत्तकपत्र आहे, डटन हे नाव आहे, वकिलीची पदवी आहे. त्यामुळे त्यास स्वतंत्र इच्छा आहे, आणि त्या इच्छेमुळेच तो मालिकेचा द्रोही ठरतो. कागद असलेला पोरका घात करतो व कागद नसलेला पोरका प्राण देण्यास सिद्ध असतो, अशी ही मांडणी आहे. तिच्यात लपलेला सिद्धान्त असा की माणसाचे हक्क जितके थोडे तितकी त्याची निष्ठा शुद्ध. कोणत्याही काळातील धन्यास हा सिद्धान्त प्रिय वाटेल. म्हणूनच तो कलाकृतीत निमूटपणे स्वीकारणे वाचकाच्या व प्रेक्षकाच्या हिताचे नाही.

४

मालिकेचा शेवट या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. पाचव्या पर्वाच्या उत्तरार्धात जॉनचा खून होतो. कर व कर्ज यांच्या ओझ्याखाली रँच टिकणार नाही हे ओळखून केसी ती जमीन ब्रोकन रॉक या मूळ रहिवाशांच्या जमातीस एकरी सव्वा डॉलर या नाममात्र दराने विकतो. केसीच्याही छातीवर तोच डाग आहे; वडिलांच्या इच्छेविरुद्ध वागल्याबद्दल त्यास तो मिळालेला. परंतु तो वारस असल्यामुळे त्यास जमिनीचा निकाल लावता आला. ज्या रँचसाठी रिपने प्राण घेतले, तिच्या विल्हेवाटीत त्याच्या संमतीस जागा नव्हती. धनी गेला, जमीन गेली, बंकहाउसमधील माणसे पांगली. रिप व बेथ डिलनजवळच्या एका रँचवर संसार थाटतात. विवाहाच्या वाटेने तो धन्याच्या कुळात शिरला असे म्हणता येईल. धन्याच्या हातून त्यास वतन मिळाले असे म्हणता येणार नाही. आणि बेथने जेमीस मारल्यावर त्याचे प्रेत त्या दरीत नेऊन टाकण्याचे काम रिपच्याच वाट्यास येते. धनी नाहीसा झाला तरी चाकरीचे स्वरूप बदललेले नाही.

एकच कृत्य मात्र या मनुष्याने कोणाच्याही हुकमावाचून केलेले आहे. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो आपल्या आईची कबर उकरतो आणि तिच्या अस्थींजवळची अंगठी बेथसाठी काढून घेतो. हे कृत्य अघोर आहे, पण त्यामागील गरज करुण आहे. आपले म्हणावे असे जगात त्याच्याजवळ काहीच नसल्यामुळे, स्वतःच्या मालकीची एक वस्तू मिळविण्यासाठी त्यास मृतांकडे जावे लागले. या एका प्रसंगात शेरिडन याच्यातील कथाकार त्याच्यातील गौरवकारावर मात करतो. धन्याच्या कृपेविषयी मालिका जे शेकडो वाक्यांतून सांगते, त्याचे उत्तर त्या उघड्या कबरीत आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मुकादमाजवळ वधूला द्यावयास धन्याने दिलेले काही नव्हते; आईने मागे ठेवलेली एक अंगठी तेवढी होती.

मराठीत ‘डाग’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गुरांच्या अंगावरील मालकीची खूण हा एक, आणि लांच्छन हा दुसरा. रिप व्हीलरच्या छातीवरील खूण या दोन्ही अर्थांनी डाग आहे; परंतु दुसऱ्या अर्थाचा डाग त्याच्या नावे मांडणे अन्यायाचे होईल. तो ज्याने दिला त्याच्या नावे तो मांडला पाहिजे. मालिकेच्या प्रेक्षकांनी या मुकादमावर केलेले प्रेम अस्थानी नाही. मात्र त्या प्रेमाचे पर्यवसान धन्याच्या स्तुतीत होऊ न देणे, एवढी दक्षता त्यांनी घ्यावयास हवी.