चिरनेर प्रकरणाचें पोलिसी दप्तर : त्याची मागणी व त्याचें मोल

उरण तालुक्यांतील चिरनेर येथें, आक्कादेवीच्या डोंगरावर, ता. २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रह झाला, जमावावर गोळीबार झाला व आठ माणसें हुतात्मे झालीं. मामलेदार जोशी हेही त्याच दिवशीं मरण पावले. या प्रसंगावरील जें लेखन आमच्या हातीं आलें, म्हणजे स्मरणिका, वर्तमानपत्रांतील वार्षिक लेख व समारंभांत वांटलेलीं चोपडीं, तें सर्व आम्हीं मोरा बंदरीं बसून एकापुढें एक लावून पाहिलें. त्यांत भक्ति उदंड आहे. कागद मात्र एकही नाहीं. पहिल्यानें दुसऱ्याचा उतारा घ्यावा, दुसऱ्यानें तिसऱ्याचा, आणि तिसऱ्यानें पुन्हा पहिल्याचाच, असा हा रहाट चालला आहे.

याचा परिणाम एकाच उदाहरणानें दाखवितों. मामलेदार जोशी कोणाच्या गोळीनें मेले, हा या प्रकरणांतील कळीचा प्रश्न होय. ती गोळी पोलिसांचीच होती, असें गांवचें कथन आहे व लेखक तें निश्चयानें लिहितात. परंतु प्रेताचा पंचनामा, शवपरीक्षेचा दाखला, काडतुसांचा हिशेब, यांपैकीं एकाचाही आधार आमच्या पाहण्यांतील लेखकांनीं दिलेला नाहीं. गांवच्या कथनास आम्ही खोटें म्हणत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी चालत आलेली गोष्ट हें एक साधन आहेच. मात्र साक्षी व लिखित हीं दोन्हीं प्रमाणें उपलब्ध होण्याचा संभव असतां एकावरच थांबणें हें संशोधन नव्हे. सनदेचा शिक्का तपासतांना आपण जी कसोटी लावतों, ती आपल्या आजोबांच्या काळास लावतांना सैल कां करावी?

पोलिसी कागद मागवावे असें सुचवितांच दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, तो प्रतिपक्षाचा कागद, त्याची किंमत ती काय? दुसरा असा कीं, ते कागद मिळतच नाहींत.

पहिल्या आक्षेपांत तथ्य आहे, परंतु अर्धेंच. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत फिर्यादीचा लेख कसा असावा हें सांगितलें आहे. वादी जसें सांगेल तसेंच लिहावें, त्यावर वर्ष, मास, पक्ष, दिवस, नांव, जाति इत्यादि खुणा असाव्या, आणि मुख्य म्हणजे तो लेख प्रतिवादीच्या समक्ष लिहावा. आतां १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालील कागद पाहा. कलम १५४ ची पहिली खबर आरोपीच्या समक्ष लिहिली जात नाहीं. कलम १६१ खालील जबान्या तपासणी अंमलदार आपल्या हातानें व आपल्या भाषेंत उतरतो, आणि कलम १६२ प्रमाणें लेखी जबानीवर सांगणाराची सही घेतां येत नाहीं. कातकऱ्याच्या तोंडीं ‘सदरहू इसमानें बेकायदेशीर जमाव जमवून’ असें वाक्य आढळलें, तर तें कातकऱ्याचें नव्हे हें कोणीही ओळखील. कलम १७२ ची रोजनिशी तर आरोपीसही मागतां येत नसे. एवढ्या खुणा नसलेला कागद मिताक्षराकारांनीं डोळे झांकून स्वीकारला नसता, हें खरें.

परंतु पक्षपाती कागद आपण टाकून देतों काय? वतनाच्या तंट्यांतील करीना हा एका पक्षाचाच असतो. तरी त्यांतून वंशावळ, शिवेच्या खुणा व दुष्काळाचें वर्ष आपण काढतोंच. लिहिणाराचा हेतु जेथें गुंतलेला आहे तेथें संशय धरावा, आणि जेथें तो सहज लिहून गेला आहे तेथें विश्वास ठेवावा. जमाव किती होता, प्रथम दगड आला कीं गोळी सुटली, हुकूम कोणी दिला, या मुद्द्यांवर पोलिसाचा कागद वादग्रस्तच राहणार. परंतु पकडलेल्या माणसाचें नांव, बापाचें नांव, वय, गांव व धंदा यांत त्यास लबाडी करण्याचें कारण नव्हतें. उलट खटला उभा राहण्यासाठीं तें बिनचूक असणें त्याच्या गरजेचें होतें.

हें दप्तर मिळविण्याचा आमचा आग्रह आहे तो यासाठींच. उरण महालांतील आगरी, कोळी व कातकरी घराण्यांपाशीं सनदा नाहींत, कुलवृत्तांत नाहींत. नाग्या महादू कातकरी याचें नांव हुतात्मा म्हणून स्तंभावर आलें. परंतु जे मेले नाहींत, नुसते पकडले गेले, मार खाऊन आले, जामीन न मिळून कोठडींत राहिले, त्यांची नोंद असलीच तर ती अटकेच्या वहींत असणार. सरकारनें ज्यास गुन्हेगार म्हणून लिहिलें, त्याचें नांव राखणारा कागदही बहुधा सरकारचाच. त्याच खात्याचे शिपाई आतां दरवर्षीं २५ सप्टेंबरला त्या स्मारकापाशीं मानवंदना देतात. काळाचा महिमा! अटक म्हणजे अपराधसिद्धि नव्हे, हें मात्र अशी यादी छापणारानें प्रत्येक नांवापुढें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

आतां दुसरा आक्षेप. अमेरिकेंत परगण्याचा शेरीफ हा लोकांनीं निवडलेला अंमलदार असून, अनेक राज्यांत त्याच्या कचेरींतील अटकेची नोंद कोणासही मागतां येते. आमचा मुंबईचा शेरीफ केवळ मानाचा. त्याच्यापाशीं ना कोठडी ना वही. आमच्याकडे दार आहे तें माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाचें, आणि तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पुरता अमलांत आहे. जिज्ञासूंस नकार मिळतो तो बहुधा कलम ८(१)(ज) किंवा (ञ) यांच्या नांवानें: तपासास बाध येईल, अथवा माहिती व्यक्तिगत आहे. एका कचेरीकडून एका अभ्यासकास आलेलें असें उत्तर आम्हीं वाचलें आहे. प्रकरण नव्वद वर्षांचें, आणि उत्तर काय, तर तपासास बाध! असें लिहिणारानें त्याच कलमाचें पोटकलम (३) वाचलेलें दिसत नाहीं. मागणीच्या तारखेपूर्वीं वीस वर्षें घडून गेलेल्या गोष्टीची माहिती, पोटकलम (१) मधील (क), (ग) व (झ) हे खंड सोडून, दिलीच पाहिजे असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. (ज) व (ञ) हे त्या अपवादांत नाहींत. म्हणजे वीस वर्षांनंतर या दोन ढाली अंमलदाराच्या हातीं राहातच नाहींत. नुकत्याच घडलेल्या प्रकरणांतही केवळ तपास चालू आहे एवढें म्हणून भागत नाहीं, बाध कसा येतो तें दाखविलें पाहिजे, असें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००७ सालीं भगतसिंग नामक अर्जदाराच्या प्रकरणांत ठरविलें आहे.

परंतु दोष एकट्या कचेऱ्यांचा नाहीं. आम्हीं पाहिलेले कांहीं अर्ज इतके सैल होते कीं त्यांस सैल उत्तर येणें क्रमप्राप्तच होतें. ‘चिरनेर प्रकरणाची सर्व माहिती द्यावी’ हा अर्ज नव्हे, उद्गार होय. ‘गोळीबार योग्य होता काय?’ हा प्रश्न तर अधिनियमांत बसतच नाहीं. कचेरीपाशीं जो कागद आहे तो मागतां येतो, तिचें मत मागतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं हें स्पष्ट केलें आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणें एका अर्जांत एकच विषय, तोही दीडशें शब्दांत, मांडावा लागतो. पदवाक्यप्रमाणाचा अभ्यास ज्यांनीं केला त्यांस दीडशें शब्द पुष्कळ झाले. अमुक ठाण्याची, अमुक महिन्याची गुन्ह्यांची नोंदवही. त्याच महिन्याची अटकेची वही. अमुक तारखेचा पंचनामा. असें वस्तूचें नांव घेऊन मागावें. नकलेपूर्वीं प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी, कारण अभिलेख पाहणें व टिपणें घेणें हाही हक्कच आहे. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. कारण सांगण्याची सक्ति नाहीं, आणि संशोधनाचें मोठेपण अर्जांत वर्णूं नये हें उत्तम.

‘अभिलेख आढळून येत नाहीं’ या उत्तरावर कांहीं अभ्यासक हात टेकतात. हें आम्हांस मान्य नाहीं. आढळत नाहीं आणि नष्ट केला यांत जमीन-अस्मानाचा भेद आहे. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, बाकीच्यांस मुदत. मुदतीनंतर कागद नष्ट केला असेल तर त्या नाशाचीही नोंद असली पाहिजे, ती मागावी. नाशाची नोंदही नसेल, तर कागद कोठें तरी गठ्ठ्यांत आहे असें धरूनच पुढें चालावें, व तीस दिवसांत अपील करावें.

कोणाकडे मागावें, हा तर या टापूंतील मोठाच गुंता आहे. १९३० सालीं उरण कुलाबा जिल्ह्यांत होतें. तो जिल्हा १९८१ पासून रायगड झाला. महसुलाच्या दृष्टीनें उरण आजही रायगडांतच आहे, परंतु पोलिसांच्या दृष्टीनें तें १९९४ सालीं स्थापन झालेल्या नवी मुंबईच्या आयुक्तालयांत मोडतें. मोऱ्यास आतां सागरी पोलीस ठाणें आहे, परंतु १९३० चे कागद त्या नव्या इमारतींत शोधणें व्यर्थ. ते असले तर जिल्ह्याच्या जुन्या दप्तरांत, अलिबागेस, अथवा न्यायालयाच्या अभिलेखांत असणार. आणि गृहखात्याच्या विशेष शाखेच्या कायदेभंगविषयक फायली मुंबईस राज्याच्या अभिलेखागारांत आहेत. अर्ज चुकीच्या दारीं गेला, तर पांच दिवसांत तो योग्य दारीं धाडणें हें कलम ६(३) प्रमाणें घेणाराचें काम आहे, परत करण्याचें नव्हे.

हीच अडचण १९८४ च्या प्रकरणास अधिकच लागू आहे. ता. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या जमीन-आंदोलनावर याच तालुक्यांत गोळीबार झाला व पांच जण हुतात्मे झाले. त्यासही वीस वर्षें केव्हांच उलटलीं. तेव्हांचे कागद रायगडच्या अंमलाखालचे, आजचें ठाणें आयुक्तालयाचें. गठ्ठे हललेच असतील तर कोणत्या यादीनें हलले, ती हस्तांतराची यादी प्रथम मागावी. चिरनेरच्या बाबतींत जी हयगय झाली ती येथें तरी होऊं नये, कारण येथील साक्षीदारांपैकीं कित्येक अद्यापि बोलूं शकतात; कागद व माणूस समोरासमोर बसवितां येतील अशी ही बहुधा शेवटचींच वर्षें.

छापील साधनांवर भिस्त ठेवणारांस एक शब्द. मुंबई सरकारच्या दप्तरांतून निवडून स्वातंत्र्याच्या चळवळीचीं साधनें छापण्यास १९५७ सालीं आरंभ झाला, व त्यांत पोलिसांच्या गुप्त साप्ताहिक सारांशांचा मोठा उपयोग केला आहे. काम उपयुक्त, यांत शंका नाहीं. तथापि ठाण्यानें जिल्ह्यास लिहावें, जिल्ह्यानें मुंबईस, आणि मुंबईनें इंग्रजींत सारांश करावा, या वाटेंत गांवच्या माणसाचें नांव गळून जमाव तेवढा उरतो. पेशवे दप्तरांतील निवडीचे पंचेचाळीस भाग सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत काढले. त्यांनीं गठ्ठ्यांची वाट दाखविली, गठ्ठे पाहण्याची गरज संपविली नाहीं. हाच न्याय येथें.

शेवटीं संग्राहकांस विनंति. खटल्यांतील कागदांच्या नकला आरोपींच्या वकिलांस मिळत. पनवेल, अलिबाग व ठाणें येथील जुन्या वकिलांच्या घरीं माळ्यावर असे बस्ते असणें अगदीं संभवनीय आहे. त्या काळचे गांवपातळीवरील पुष्कळ मराठी कागद मोडींत असत, म्हणून घरच्या तरुणांस ते निरुपयोगी वाटून रद्दींत जातात. असा बस्ता कोणाच्या पाहण्यांत आल्यास दोरी न सोडतां, पानांचा क्रम न मोडतां कळवावें. मूळ कागद मालकापाशींच राहूं द्यावे. नक्कल उतरून घेण्यास मोडी वाचणारा मनुष्य आम्ही त्यांच्या घरीं पाठवूं.