सरासरीचा आडोसा

बालकल्याणाच्या मोजमापात जिल्ह्याशी जिल्हा ताडला जातो; गावाशी गावकुसाबाहेरची वस्ती ताडली जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. राज्याच्या अहवालात हे जातवर्गानुसार कळते. बुलढाणा जिल्ह्याच्या पत्रकातून मात्र जात गळते. जिजाऊंच्या या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली, हे २०११ च्या जनगणनेने सांगितले. अनुसूचित जातींच्या बालकांची जिल्हावार मोजणीही वेगळी दिली. मग उंची-वजनाचीच का नाही? जातवार फोड केली तर नमुना अपुरा पडतो, असे उत्तर येईल. मग नमुना वाढवा! ज्या भुकेची वेगळी नोंदच नाही, तिच्यासाठी हक्क मागायचा कोणत्या आधारावर?