लपलेला खेळाडू आणि भयाचा आस्वाद

व्हिडिओ गेमच्या रसिकांमध्ये एक वर्ग असा आढळतो की, ज्याला शत्रूंचा सरसकट संहार करण्याच्या खेळांत फारसे स्वारस्य नसते. अंधारात दबून राहणे, पहारेकऱ्याच्या पावलांचा कानोसा घेणे, उरलेल्या चार गोळ्या पुन्हा पुन्हा मोजणे, एखादा सैनिक कोणत्या आडोशाला ठेवावा याचा दहा मिनिटे विचार करणे, यांतच त्याला खरा आनंद वाटतो. लपतछपत खेळावयाचे, डावपेचांचे आणि तग धरून राहण्याचे असे या खेळांचे तीन प्रकार सामान्यतः मानले जातात. परंतु त्यांचा चाहता पुष्कळदा एकच असतो. या आवडीचे कारण विचारले असता ‘हे खेळ कठीण असतात’ असे उत्तर तो देतो. हे उत्तर अपुरे आहे. काठिण्य शब्दकोड्यात असते आणि वेगवान नेमबाजीतही असते. तेथे हा विशिष्ट तणाव नसतो. तेव्हा या तणावाचे स्वरूप कोणते आणि त्याला आस्वाद हे नाव देता येईल काय, हा खरा प्रश्न होय.

या परंपरेच्या आरंभीच एक उद्‌बोधक घटना आढळते. १९८७ साली जपानमधील कोनामी या कंपनीसाठी हिदेओ कोजिमा याने ‘मेटल गिअर’ हा खेळ रचला. तो ज्या एमएसएक्स-२ संगणकासाठी रचावयाचा होता, त्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी पुष्कळ हलत्या आकृत्या दाखविणे जड जाई. युद्धखेळ हवा, पण शत्रूंची गर्दी दाखविता येत नाही, अशा अडचणीतून लढाईऐवजी लढाई टाळणे हाच खेळाचा विषय झाला. साधनांच्या दारिद्र्यातून शैली जन्माला येते, या कलेतिहासातील जुन्या अनुभवाचेच हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

या शैलीला तिचे पूर्ण व्याकरण मिळाले ते १९९८ साली अमेरिकेतील लुकिंग ग्लास स्टुडिओज या संस्थेच्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ या खेळात. त्याचा नायक गॅरेट हा चोर आहे. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. गॅरेट उजेडात आला की ते उजळते, अंधारात गेला की काळवंडते. दगडी व लोखंडी जमिनीवर पाऊल वाजते, गालिच्यावर व गवतावर ते मुके होते. पाण्याचा बाण मारून मशाल विझविता येते, शेवाळाचा बाण मारून वाजणारी जमीन मऊ करता येते. पहारेकऱ्याला संशय आला की तो मोठ्याने बोलतो आणि संशय फिटला की तेही बोलून दाखवितो. हातातील नकाशा मात्र अपुरा असतो. सर्वांत कठीण पातळीवर तर बहुतेक मोहिमांत कोणाही माणसाला ठार मारावयाचे नाही, अशी अट असते.

येथे खेळाडू जे करतो त्याला आपल्या न्यायशास्त्रात नेमके नाव आहे : अनुमान. धुरावरून अग्नी ओळखावा त्याप्रमाणे तो पावलांच्या आवाजावरून पहारेकरी ओळखतो. आवाजाच्या पोतावरून जमीन ओळखतो, जमिनीवरून दालन आणि दालनावरून अंतर ओळखतो. मीमांसकांनी व नैयायिकांनी शाब्दबोधाचे एक कारण म्हणून ‘आकांक्षा’ सांगितली आहे. वाक्यातील एक पद ऐकले की ते पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या पदाची अपेक्षा मनात उत्पन्न होते. जवळ येणारे पाऊल हे असेच एक अपुरे पद आहे; ते पहारेकरी वळेल की पुढे येईल, हे कळेपर्यंत चित्त त्या अपेक्षेला बांधलेले राहते. बुद्धिबळाशी या खेळांची तुलना नेहमी केली जाते. परंतु बुद्धिबळाचा पट दोन्ही खेळाडूंना संपूर्ण दिसतो. येथे अर्धा पट काळोखात असतो. १९९४ सालच्या ‘यूएफओ : एनिमी अननोन’ या ज्युलियन गॉलप याच्या डावपेचांच्या खेळात शत्रूची पाळी आली म्हणजे त्याची हालचाल बहुधा दिसतच नाही, काहीतरी हलले एवढेच कळते. म्हणजे या तणावाचे पहिले अंग संकेतांचे वाचन हे होय.

परंतु येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तील भयाने पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाला जे भय प्रतीत होते ते ना त्या हरणाचे असते, ना त्याचे स्वतःचे. देशकालव्यक्तीच्या बंधनांतून सुटल्यामुळेच त्याचा आस्वाद घेता येतो. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे त्याने रसप्रतीतीतील विघ्नांपैकी एक मानले आहे. व्हिडिओ गेमचा खेळाडू तर प्रेक्षागृहात बसलेला नसतो; तो स्वतःच हरीण असतो. बाण त्याच्यावर रोखलेला असतो. मग त्याचे भय आस्वाद्य कसे व्हावे?

हा आक्षेप सरळ नेमबाजीच्या खेळांना बव्हंशी लागू पडतो, कारण तेथे कृतीला उसंत नसते. लपण्याच्या खेळाची गोष्ट निराळी आहे. खांबाच्या छायेत उभा राहिलेला गॅरेट काही काळ काहीच करू शकत नाही. तो केवळ पाहतो आणि ऐकतो. दोन पहारेकरी आपापसांत बोलत असतात, त्यांना त्याच्या अस्तित्वाची जाणीव नसते. त्या क्षणी खेळाडू हरीणही असतो आणि प्रेक्षकही. लपणे ही कर्त्याला प्रेक्षक करणारी कृती आहे, आणि या अभिरुचीचे रहस्य येथेच आहे. कर्त्याचे भय आणि प्रेक्षकाची स्थिरता यांचा जो विरळा संयोग या खेळांत साधतो, तो नाटकात नाही आणि कादंबरीतही नाही.

हा संयोग नाजूक आहे आणि तो दोन बाजूंनी मोडतो. केलेली चूक हवी तेव्हा मागे घेता आली, तर हरीण नाहीसे होते. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या (१९९६) रचनाकारांनी हे ओळखले होते. त्या खेळात प्रगतीची नोंद करावयाची तर टंकलेखन यंत्र गाठावे लागते आणि दर नोंदीला शाईची एक फीत खर्ची पडते. फिती मोजक्याच असतात. ‘एक्सकॉम’च्या २०१२ सालच्या नव्या आवृत्तीत ‘आयर्नमॅन’ नावाचा पर्याय आहे. तो स्वीकारला की मेलेला सैनिक मेलाच. रसिक खेळाडू हा पर्याय स्वेच्छेने निवडतो, हे लक्षणीय आहे; बंधनावाचून आस्वाद नाही हे त्याला अनुभवाने कळलेले असते. उलटपक्षी, एकच प्रसंग वीस वेळा मरून खेळल्यावर संकेत पाठ होतात, आकांक्षा उरत नाही आणि प्रेक्षकही नाहीसा होतो. उरते ते पाठांतर. २०१४ सालच्या ‘एलियन : आयसोलेशन’ या ब्रिटिश खेळात ठार मारता न येणारा एक प्राणी खेळाडूचा शोध घेत फिरतो. त्याचा मार्ग ठरावीक नसल्यामुळे पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही, हे त्या खेळाचे बलस्थान होय. परंतु तो इतका लांबविला आहे की, उत्तरार्धात भयाची जागा थकवा घेतो.

या दृष्टीने वॉर्सा येथील इलेव्हन बिट स्टुडिओज या संस्थेच्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) या खेळाचे महत्त्व विशेष आहे. १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होच्या वेढ्यावरून त्याची प्रेरणा घेतलेली आहे. खेळाडूच्या हाती सैनिक नसून वेढलेल्या शहरातील सामान्य नागरिक असतात. दिवसा पडक्या घरात कसेबसे राहावयाचे आणि रात्री एकाने बाहेर पडून अन्न व औषधे शोधावयाची. एका घरात एक वृद्ध जोडपे असते. त्यांच्याजवळील वस्तू नेण्यास फारसे कौशल्य लागत नाही, कारण ते प्रतिकार करू शकत नाहीत. येथे काठिण्य जवळजवळ शून्य आहे आणि तणाव मात्र पराकोटीचा आहे. चोरी करून परतलेली व्यक्ती खिन्न होते, आणि इच्छेप्रमाणे मागे जाण्याची सोय खेळात नाही. २०२० साली पोलंडच्या सरकारने या खेळाचा समावेश शालेय वाचनाच्या शिफारस केलेल्या यादीत करण्याचे जाहीर केले, ते उगाच नव्हे.

‘हे खेळ कठीण असतात’ हे चाहत्याचे उत्तर येथे पूर्णपणे कोसळते. त्या वृद्धांच्या दारात तो थबकतो तो मरणाच्या भयाने नव्हे. ‘थीफ’मध्ये छायेत उभे राहून त्याने इतरांना पाहिले होते, येथे त्याला स्वतःला पाहावे लागते. अंधारात दबून ऐकण्याची ही आवड केवळ उत्तेजनाची हौस आहे, असा आरोप तिच्यावर नेहमी केला जातो. काही खेळांपुरता तो खराही असेल. परंतु कृतीपूर्वी थांबावयास लावणे आणि त्या थांबण्यात पाहावयास शिकविणे हे या प्रकाराच्या उत्तम कृतींनी साधले आहे. या खेळांचे मूल्यमापन करताना खेळाडू किती वेळा हरला, याहून तो कोठे आणि कशासाठी थबकला, हेच पाहावयास हवे.