तलवार की मनगट?

‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघून गेले आणि पाठलागावरचे मोगल सैन्य कात्रजच्या घाटातील पलित्यांच्या उजेडामागे धावत राहिले, अशी त्यामागची परंपरागत कथा. पलिते बैलांच्या शिंगांना बांधलेले होते. पलिता ही तशी साधीच वस्तू. मग त्या रात्रीचे यश पलित्याचे, की तो कुठे बांधावा हे ज्याला सुचले त्याच्या बुद्धीचे? साधन आणि अंगची क्षमता यांची तुलना कशी करायची, हा प्रश्न एका खेळाच्या नियमांनी चक्क आकड्यांत मांडला आहे. म्हणून त्या नियमांचे हे परीक्षण.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे योद्धा, चोर, मांत्रिक अशी पात्रे घेतात आणि आपले पात्र काय करील ते बोलून सांगतात. यश अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या क्षमतेचे गुण मिळवायचे आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. येथे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेतले आहेत.

पात्राचे बळ आकड्याने सांगतात. बळ १६ असेल तर फाशात ३ मिळवायचे, १८ असेल तर ४, आणि ८ असेल तर १ वजा करायचा. आता जादूच्या तीन वस्तू पाहू.

पहिली वस्तू म्हणजे ‘अधिक एक’ची तलवार. फाशात १ वाढतो आणि इजेतही १ वाढतो. एक म्हणजे क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून पाहावा. एरवी फाशावर ११ किंवा जास्त लागत असतील, तर वीसपैकी १० वेळा वार लागतो. तलवारीने ११ वेळा. एरवी २० च लागत असतील, तर वीसपैकी एकाऐवजी दोन वेळा, म्हणजे संधी दुप्पट! उलट २ पुरेसे असतील तर नेम साधण्यात काहीच लाभ नाही, कारण १ पडला की वार नेहमीच चुकतो. वाढ तीच, पण तिची किंमत आधीच्या स्थितीवर ठरते.

इजाही धरू. बळ १६ असलेल्या योद्ध्याची साधी लांब तलवार सरासरी साडेसात गुणांची इजा करते. निम्मे वार लागले, तर दर वारामागे सरासरी ३.७५. जादूच्या तलवारीने हीच सरासरी ११/२० गुणिले ८.५, म्हणजे ४.६७५ होते. (२० पडल्यावर मिळणारी जादा इजा सोडून दिली आहे.) वाढ सुमारे २५ टक्के. बळ १६ चे १८ झाले तरी लढाईत नेमका एवढाच फरक पडतो. मात्र वाढलेले बळ दार ढकलताना आणि कडा चढतानाही उपयोगी पडते, आणि ते कोणी पळवू शकत नाही. कर्णाची कवचकुंडले मागून नेता आली. अर्जुनाचा सराव मागून नेता आला नसता.

दुसरी वस्तू म्हणजे राक्षसी बळाचे हातमोजे. ते घातले की बळ थेट १९ होते. बळ ८ असलेल्या दुबळ्या मांत्रिकाला त्यामुळे फाशात पाच गुणांचा लाभ होतो. १८ बळाच्या पहिलवानाला मात्र शून्य, कारण १९ लाही ४ च मिळतात. तलवार भिंगासारखी आहे, ती प्रत्येकाच्या नजरेत भर घालते. हातमोजे चष्म्यासारखे आहेत, ज्याला कमी दिसते त्यालाच ते उपयोगी.

तिसरी वस्तू म्हणजे अचल दांडा. कळ दाबली की तो आहे तेथे अधांतरी स्थिर होतो आणि सुमारे ३,६०० किलो भार पेलतो. तो फाशात काहीच मिळवत नाही. एखाद्याच्या हाती तो निव्वळ काठी, तर दुसऱ्याच्या हाती पायरी, अडसर किंवा तरफेचा टेकू. हा कात्रजच्या पलित्याच्या जातीचा.

आता टीकेचा मुद्दा. नियमपुस्तक या तिन्ही वस्तूंना एकाच श्रेणीत, ‘असामान्य’ या शिक्क्याखाली बसवते. हा शिक्का वस्तूच्या सामर्थ्याचा ढोबळ निदर्शक आहे असे गृहीत धरले, तर मापनाच्या दृष्टीने ते सदोष आहे. साधनाची किंमत हा साधनाचा एकट्याचा गुणधर्मच नाही. ती साधन आणि वापरणारा या जोडीची आहे. नियमकर्त्यांना याची अंधुक जाणीव दिसते. हातमोज्यांसारख्या ज्या वस्तूंशी पात्राला आधी जुळवून घ्यावे लागते, त्या एका वेळी तीनच वापरता येतात आणि पात्राचे गुण साधारणतः २० वर थांबतात. या मर्यादा स्तुत्य आहेत. त्या नसत्या तर खेळ केवळ वस्तू गोळा करण्याचा झाला असता. पण दुबळ्याला सावरणारे साधन, सर्वांना भर देणारे साधन आणि विचार करायला लावणारे साधन यांत फरक करण्याचे काम पुस्तकाने सूत्रधारावर सोडले आहे.

शाळेत ते काम शिक्षकावर येते. प्रयोगशाळेत महागडा सूक्ष्मदर्शक आला की विज्ञान शिकवणे सुधारले, असे मानणारे तोच शिक्का वापरत असतात. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगणात काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि टाकाऊ बाटल्या यांतून जे उभे केले, ते अचल दांड्याच्या बाजूचे आहे. चष्म्याची गरज असलेल्या मुलाला चष्मा द्यायलाच हवा, त्यात अन्याय नाही. अन्याय होतो तो सर्वांना चष्मे वाटून नजर सुधारल्याचा अहवाल लिहिण्यात.

दहावीच्या संभाव्यतेच्या तासाला हे करून पाहता येईल. फासा नको, १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात पुरतात. दर वेळी चिठ्ठी परत टाकून शंभर वेळा काढाव्यात आणि ‘अधिक एक’ने किती निकाल बदलले ते मोजावे. शंभरात पाचाच्या आसपास बदलतील, नेमके पाचच नव्हेत. असे का, हेही विचारावे. शेवटी मुलांना एक दोरी, एक पलिता आणि कात्रजचा घाट एवढेच द्यावे व पाठलाग चुकवायला सांगावे. दहा गटांकडून दहा वेगळी उत्तरे आली, तर तास सत्कारणी लागला असे समजावे.